आता बरं, का मगाशी बरं?

बारामतीत आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या घराच्या लोखंडी फाटकाचं एक दार हिरवं होतं आणि एक निळं. येणारा प्रत्येक नवा माणूस त्याबद्दल विचारायचा. घरमालक प्रत्येकाला तितक्याच उत्साहानं सांगायचे की कुठला रंग उन्हात जास्त टिकतो याची चाचणी चालू आहे. निकाल लागला की दोन्ही दारं एका रंगाची होतील. आम्ही राहायला गेलो तेव्हा दोन्ही दारांचे पोपडे निघून खालचा गंज दिसत होता. निकाल बरोबरीत सुटला होता. पण बरोबरी ही गोष्ट आमच्या घरमालकांना मान्य नव्हती.

ते मूळचे लोणी भापकरचे. सगळी नोकरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत लोकांचे डोळे तपासण्यात गेली. हुद्दा लांबलचक होता, पण ते डॉक्टर नव्हते. लोक डॉक्टरच म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे, “डॉक्टर न्हाय मी, डोळ्याचा माणूस हाय.” ही दुरुस्ती इतक्या रुबाबात व्हायची की ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टर म्हणजे यांच्या हाताखालचं कुणीतरी असणार.

चष्म्याचा नंबर काढताना जड, गोल फ्रेम नाकावर चढवतात, तिच्यात एक भिंग घालतात, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात, मग भिंग बदलून विचारतात, आता बरं दिसतं की मगाशी बरं दिसत होतं. हा प्रश्न त्यांनी किती माणसांना विचारला असेल देव जाणे. निवृत्त झाल्यावर भिंगांची पेटी सरकारनं ठेवून घेतली. प्रश्न मात्र ते बरोबर घेऊन आले.

घरात रोज दोन आमट्या होत. एकीत गूळ, एकीत नाही. मालक दोन्ही वाट्यांतून आळीपाळीनं भुरके मारत आणि स्वतःलाच विचारत, “आता बरं, का मगाशी बरं?” तोवर दोन्ही आमट्या गार होत. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, पहिली काही वर्षं उत्तर देत असाव्यात. आम्ही गेलो तेव्हा त्या फक्त वाट्या उचलायचं काम करत होत्या.

एक उत्तर मात्र त्यांना चालायचं नाही. “दोन्ही सारखंच” असं कुणी म्हणालं की त्यांचा आवाज चढायचा. सारखं कधीच नसतं, तुमी नीट बघत न्हाय, असं सुनवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. दवाखान्यात म्हाताऱ्या बायका या भीतीनं काहीही सांगून मोकळ्या व्हायच्या म्हणे. त्यामुळे त्या काळात तालुक्यात बरेच चष्मे कपाटात राहिले असावेत.

त्यांच्या मुलीला एकदम दोन स्थळं आली होती. एक इंदापूरचं, एक फलटणचं. मालकांनी तुलना सुरू केली. दोन्हीकडे दोन-दोनदा जाऊन आले, दोघांच्या घरचं पाणीसुद्धा चाखून बघितलं. तुलना रंगात आली असताना दोन्ही मुलांची लग्नं दुसरीकडे झाली. पुढे मुलीनं स्वतःच तिसरा मुलगा पसंत केला आणि त्याच्याशी तुलना करायला दुसरा कुणी शिल्लक ठेवला नाही. मालक ते लग्न अशास्त्रीय होतं म्हणायचे, पण जेवले दोन पंगतींना.

मी हे थट्टेनं लिहितो आहे आणि लिहिताना लाजही वाटते आहे, कारण या माणसाचं माझ्यावर काय ऋण आहे ते अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागेल.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सासुरवाडी निमगाव केतकीची. लग्नानंतर काही वर्षांनी, ऊसतोडीच्या दिवसांत, मी आणि माझा धाकटा मेव्हणा मोटरसायकलवरून बारामतीहून निमगावला निघालो होतो. मी चालवत होतो, तो मागे. दिवस मावळून थोडा उजेड उरला होता. निमगावच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. माझं खांद्याचं हाड मोडलं. मेव्हणा जागेवर गेला.

सगळे म्हणाले, चूक ट्रॉलीवाल्याची. पोलीस म्हणाले, सासरे म्हणाले, बायकोनं तर सख्खा भाऊ गमावून वर मलाच धीर दिला. मला दोष द्यायला कुणीच तयार नसल्यामुळे ते काम माझ्यावर येऊन पडलं आणि मी ते मन लावून केलं. त्यानंतर मी निमगावला गेलो नाही. एकदा एसटीनं निघालो होतो, वाटेत जंक्शन नावाच्या गावाला उतरलो आणि परतीच्या गाडीनं घरी आलो. बायको एकटी जायची आणि माझ्या वतीनं सांगायची की कंपनीत मालाची मोजणी चालू आहे. आमच्या कारखान्यात वर्षाचे बारा महिने मोजणी चालते, अशी निमगावची पक्की समजूत झाली होती. मोटरसायकल दुरुस्त होऊन आली, पण मालकांच्या अंगणात बारदानाखाली पडून राहिली.

अशात दिवाळीला मालकांची पुण्याला मानसशास्त्र शिकणारी पुतणी आली आणि काकांचा वेळ जावा म्हणून त्यांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा देऊन गेली. तिला बिचारीला काय कल्पना. त्यात असं होतं की ज्यांनी अपघात, मारहाण, लढाई असं काही भोगलं आहे, त्यांना ती आठवण डोळ्यासमोर आणायला सांगतात आणि त्याच वेळी समोर बोट हलवून डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायला लावतात. त्यानं आठवण राहते, पण तिची धार कमी होते.

मालकांना आकाश ठेंगणं झालं. ते सगळ्यांना सांगत सुटले की अखेर मनाचा कारभारही डोळ्याच्याच खात्याकडे आला. पण गठ्ठ्याच्या निम्म्यात दुसऱ्या पंथाचे लोक निघाले. त्यांचं म्हणणं, नुसतं डावं-उजवं करून भागत नाही. डोळे सावकाश, सगळ्या दिशांना फिरवायला हवेत. म्हणजे पद्धती दोन झाल्या. मालकांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे. दोन आमट्या, दोन रंग, दोन जावई यांतून वाचलेला माणूस पुन्हा पुरात पडावा तसा तो होता, फक्त फार आनंदी. दोन्ही परदेशी उमेदवार बिनविरोध निवडून येऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्याकडचं त्राटकही उभं केलं. पणतीच्या ज्योतीकडे एकटक बघायचं, डोळे हलवायचेच नाहीत. चष्म्याच्या भिंगांना देतात तशी त्यांनी नावं दिली: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर.

हे उपचार शिकलेल्या माणसानंच करावेत, असं त्या गठ्ठ्यात एका पानावर स्पष्ट लिहिलं होतं. मालकांनी ते पान वाचलं होतं. ती सूचना इतरांसाठी आहे, असं त्यांचं मत पडलं.

पहिला मान गल्लीतल्या शिंप्याला मिळाला. त्याला कधीतरी कुत्रं चावलं होतं आणि तेव्हापासून तो कुत्र्यांना भ्यायचा. एका बैठकीनंतर तो कुत्र्यांना पूर्वीइतकाच भ्यायचा, शिवाय मालकांनाही. त्यांचा लेंगा त्यानं मापाला न बोलावताच शिवला आणि दुसऱ्याच्या हाती घरी पाठवला.

मग माझी पाळी आली. मालक मला नावानं कधी हाक मारत नसत. अंगणात बारदानाखालच्या मोटरसायकलला पाय लावून ते म्हणाले, “स्टोअरकीपर, ही जागा अडली हाय. तुमच्या डोक्यात माल हाय, माझ्याकडं तीन पद्धती हायेत. कुठली लावायची तेवढं ठरू द्या, मग दोन दिवसांत मोकळं.”

मी का हो म्हणालो? बायको म्हणायची, भाडं वाढवू नये म्हणून. खरं म्हणजे मला शिक्षा हवी होती आणि ती इतक्या जवळ, त्याच घरात मिळत होती.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर बैठक व्हायची. एक नंबरसाठी त्यांच्याकडे तक्ता दाखवायची जुनी काठी होती, टोकाला बाटलीचं लाल बूच लावलेलं. दोन नंबरसाठी सायकल उलटी करून ठेवली होती. तिच्या चाकाला एक लाल मणी बांधला होता, तो गोल फिरताना मी बघायचो. चाक कुईकुई करायचं. तीन नंबरसाठी पणती, आणि ती वाऱ्यानं विझू नये म्हणून आडोशाला उभ्या काकू.

आता त्यांची चूक सांगतो. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती. उपचार म्हणजे एक निवडायचा आणि चालवायचा, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. उपचार म्हणजे भिंग. ते अर्धा मिनिट काठी हलवायचे, थांबायचे, लगेच चाक फिरवायचे आणि विचारायचे, “आता बरं, का मगाशी बरं?”

शिवाय शून्य ते दहा आकडा सांगायचा. आठवणीचा त्रास दहात किती. मी म्हणायचो आठ. काठीनंतर म्हणायचो साडेसात. ते खवळायचे. हा अर्धा कशाचा कमी झाला, नेमकं सांगा. मला सांगता यायचं नाही. मी एकदा थकून “दोन्ही सारखंच” म्हणालो तर त्यांनी काठी खाली ठेवली आणि आठ आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

पण खरी मेख पुढेच होती. तुलना न्याय्य व्हायची तर प्रत्येक पद्धतीच्या आधी आठवण मूळच्या जोरावर आणायला हवी. त्यासाठी मी दर वेळी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची. बारामती सोडली तिथून ट्रॉलीपर्यंत. एक नंबरच्या आधी एकदा, दोन नंबरच्या आधी एकदा, तीन नंबरच्या आधी एकदा. आणि मी कुठे गाळलं तर ते पकडायचे. मगाशी ट्रॉलीत ऊस होता, आता नुसती ट्रॉली कशी? मगाशी मेव्हण्याच्या पायात चप्पल होती, आता बूट कुठून आले? माझ्या आयुष्यातली सगळ्यात काळी संध्याकाळ मी रोज ओट्यावर बसून सांगत होतो आणि समोरचा माणूस शुद्धलेखन तपासावं तशी ती तपासत होता.

वर ते आकडे गल्लीत सांगायचे. सकाळी दूध आणायला गेलो की दूधवाला विचारायचा, “साहेब, काल सातावर आला म्हणं?” भाजीवाली बाई बायकोला मिरच्या घालता घालता म्हणायची, उतरंल, उतरंल. हकीकत मात्र बाहेर गेली नव्हती. मालकांच्या दृष्टीनं आकडा महत्त्वाचा, हकीकत हे नुसतं टरफल. पण टरफलात रस वाटायला माणसाला किती वेळ लागतो?

ही धास्ती मला एका विशिष्ट संध्याकाळनंतर जास्त वाटू लागली. त्या दिवशी काठी हलवता हलवता मालक थांबले. चष्मा पुसला, पुन्हा हलवली, पुन्हा थांबले.

“तुमचं डोळं उजवीकडं ठेचाळत्यात,” ते म्हणाले. “डावीकडनं मधोमध येत्यात तवर गुळगुळीत. पुढं गेलं की थांबत्यात, मग उडी मारून काठीला गाठत्यात. उजवीकडं काय हाय?”

मी म्हणालो, काही नाही.

“न्हाय कसं? ट्रॉली डाव्या अंगाला हुती. मग डोळं उजवीकडं का भित्यात?”

काकूंनी पणती खाली ठेवली आणि आत गेल्या. मग मी सांगितलं.

लग्नात मला सासऱ्यांनी बिस्किटी रंगाची सफारी शिवली होती. पुढे माझं पोट सुटलं, सफारी होईना. बायकोनं ती जुन्या कपड्यांबरोबर माहेरी नेली. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणायचो. आबांचा जोंधळा रस्त्याला लागून, वळणाच्या उजव्या हाताला. पाखरं फार झाली म्हणून त्यांनी रानात बुजगावणं उभं केलं आणि त्याला ती सफारी घातली. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. वळणावर आलो आणि मागून मेव्हण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

“दाजी, त्ये बघा, तुमी हुबं हाय जोंधळ्यात.”

मी मान वळवून उजवीकडे बघितलं. खरंच मीच होतो. दोन्ही हात पसरून, डोक्यावर मडकं घेऊन. मी हसलो. तो तर इतका हसत होता की मोटरसायकल हलत होती. त्यानंतर मी समोर बघितलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी लाज होतीच, की मेव्हण्याच्या मरणाच्या क्षणी मी दात काढत होतो. पण ती एकवेळ गिळली असती. बुजगावणं आबांनी उभं केलं होतं आणि सफारी माझ्या बायकोनं नेली होती. मी खरं बोललो की माझ्या मानेवरचं ओझं उतरणार आणि ते त्या दोघांच्या मानेवर बसणार. न सांगावं तर आबांपुढे बसून काय बोलायचं? मुलाबरोबर शेवटी मीच होतो. ते विचारणारच.

मालकांना यात अवघड काही दिसलं नाही. सांगून टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. माहिती दडवली की तुलना बिघडते. इतके दिवस मी अर्धी हकीकत सांगून त्यांचं सगळं काम वाया घालवलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं होतं. त्यांनी सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून घेतल्या, या वेळी बुजगावण्यासकट.

हिवाळ्याचा बराच काळ असा गेला. काठी, चाक, पणती. बारामती, वळण, सफारी, ट्रॉली. आणि एका संध्याकाळी त्यांनी काठी उचलायच्या आधी आकडा विचारला तेव्हा मी म्हणालो, तीन.

“तीन? अजून मी सुरूच केलं न्हाय.”

मी पुन्हा आत डोकावून पाहिलं. तीनच होता. वाईट वाटत होतं, पण ते नुसतं वाईट होतं. अंगावर येत नव्हतं. मेव्हणा पुन्हा मेव्हण्यासारखा दिसत होता.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मालक हताश होऊन उलट्या सायकलीशेजारी बसले. “तुमी सगळा घोळ घातला,” ते म्हणाले. “आता कुठल्या पद्धतीनं उतरलं ते कसं कळायचं?” मी माफी मागितली. दुखणं बरं झाल्याबद्दल माफी मागणारा मी तालुक्यातला पहिलाच असेन. कदाचित तिन्हींपैकी एकानं बरं केलं असेल. कदाचित त्यांना नुसती पुन्हा पुन्हा सांगून ती आठवणच झिजली असेल. मला आजही माहीत नाही आणि मालक तर ते न कळण्याच्या दुःखातच पुढे जगले.

त्याच सुमारास निमगावहून निरोप आला. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी बायकोजवळ सांगून पाठवलं होतं की दिसतंय तवर एकदा पाव्हण्यांना बघू द्या, मोजणी थांबवायला सांगा. बायको एक दिवस आधी एसटीनं गेली. जाताना दारात एवढंच म्हणाली, “या वेळी जंक्शनला उतरू नका.”

मोतीबिंदू म्हटल्यावर मालक थांबणार कसे? शिवाय रस्त्यावर आकडा किती येतो हे त्यांना बघायचं होतं. बारदान काढलं, मोटरसायकल चालू झाली, आणि मी मागे मालकांना घेऊन निघालो. मला रस्त्याची भीती वाटली नाही, असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त भीती मागच्या सीटची वाटत होती. आबांनी विचारलं आणि मालकांनी तोंड उघडलं तर? सगळं त्यांना पाठ होतं, माझ्याहून जास्त. वाटेत लासुर्ण्याला चहा घेताना मी त्यांना विनवलं की तिथे काही बोलू नका. ते म्हणाले, खोटं बोलायची त्यांना सवय नाही. चहात आलं कमी होतं, असंही म्हणाले.

वळण आलं. मी मान सरळ ठेवली. मागून आवाज आला, “किती?” मी म्हणालो, पाच. “बरं,” ते म्हणाले. उजवीकडे मी बघितलं नाही.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला पटका, आणि पांढुरके डोळे. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, बहुतेक हातानंच ओळखण्यासाठी, आणि माझ्या काही बोलायच्या आत हसले.

“आलासा पाव्हणं. तुमी येत न्हवता, म्हणून तुमची सफारी मी काढलीच न्हाय. दर साली नवी काठी घालतो. गावात कुणी इचारलं, जावई कुठं हाय, तर म्हणतो, त्यो काय, हुबा हाय जोंधळ्यात.”

 तीच थट्टा, जवळजवळ त्याच शब्दांत. बाप आणि लेक एकाच मातीचे, दुसरं काय. मी मालकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, आबांकडे बघत होते.

चहा झाला. बायको चुलीपाशी होती. आबांनी माझा हात हातात घेतला, तो सोडला नाही, आणि ज्याला मी इतकी वर्षं भीत होतो ते हळूच विचारलं.

“पाव्हणं, शेवटाला त्यो काई बोलला का?”

चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला.

“हसत होता आबा,” मी म्हणालो. “मला चिडवत होता.”

“कशावरनं?”

मालकांनी तोंड उघडलं. ते तोंड उघडणं आमच्या गल्लीत सगळ्यांना ओळखीचं होतं. खालचा ओठ आधी पुढे यायचा, मग माहिती. मला वाटलं, संपलं.

“आबा, त्ये ऱ्हाऊ द्या मागनं,” मालक म्हणाले. “आदी डोळं बघू द्या, उजेड हाय तवर. हिकडं तोंड करा. माझ्या बोटाकडं बघा.”

आणि ते बोट हलवू लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मोतीबिंदू बघायला बोट असं हलवत नाहीत, एवढं मलाही इतक्या बैठकांनंतर कळत होतं. आबांना ते बोट कितपत दिसत होतं कोण जाणे, पण त्यांचे डोळे त्याच्यामागे जात राहिले, आणि जाता जाता भरून वाहू लागले. मालक थांबले नाहीत. आकडा विचारला नाही. चाक, पणती, कशाचंही नाव काढलं नाही. मी त्यांना एकच गोष्ट इतका वेळ करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं आबांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. “त्येला चिडवायची खोडच हुती,” ते म्हणाले आणि पुढे विचारलं नाही. चुलीपाशी पुन्हा भांडी वाजू लागली.

मोतीबिंदू पिकलाय, थंडी सरायच्या आत काढून घ्या, असं मालकांनी सांगितलं. पुढे तो काढला. मालक आधी गेले, आबा नंतर काही वर्षांनी गेले. लेक शेवटी त्या सफारीवरून हसत होता, हे आबांना कधी कळलं नाही. त्यांच्या माघारी मी बायकोला सांगितलं. ती ऐकून उठली, न्हाणीघरात जाऊन आली आणि म्हणाली, बरं झालं आबांना नाही सांगितलंत. मला सांगितलं ते बरं झालं की नाही, ते काही बोलली नाही.

पण मला त्या दिवसाचं परतणं सांगायचं आहे. दिवस कलला होता. वळणावर मी मोटरसायकल थांबवली, खाली उतरलो आणि उजवीकडे बघितलं. जोंधळ्याच्या वर ते उभं होतं. बिस्किटी रंग उडून सफारी पांढरी झाली होती, एक बाही लोंबत होती, मडक्यावर एक साळुंकी निवांत बसली होती. मी डोळे भरून बघून घेतलं. मालकही शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो. प्रश्न आला नाही. त्यांनी चष्मा काढला, लेंग्याला पुसला, पुन्हा घातला.

शेवटी मीच विचारलं.

“मालक, नाही सांगितलं ते बरं झालं, का सांगितलं असतं तर बरं झालं असतं?”

ते खूप वेळ बुजगावण्याकडे बघत राहिले, नीट, तक्त्यावरची खालची ओळ वाचावी तसे.

“दोन्ही सारखंच,” ते म्हणाले. “चला, काकू वाट बघत असल.”